धौलाधारला मार्चमध्ये स्टेप ईगलची मोजणी: जागा, वेळ आणि एकच पक्षी दोनदा मोजणं कसं टाळायचं?

माळटिटवी
नमस्कार मंडळी. येत्या मार्चमध्ये आम्ही चौघं पुण्याहून हिमाचलात, धौलाधार डोंगररांगेच्या पायथ्याच्या धर्मशाळेला जाऊन आठ दिवस फक्त स्थलांतर करणारे शिकारी पक्षी, मुख्यतः स्टेप ईगल हा तपकिरी गरुड, मोजायचं ठरवतोय. तिथे २००१ च्या शरदात आणि २००२ च्या वसंतात झालेली मोजणी छापून आलेली आहे, त्यावरून शरदात गरुड पूर्वेकडून पश्चिमेला आणि वसंतात पश्चिमेकडून पूर्वेला जातात एवढं कळलं. माळरानावर भोवत्यांच्या (हॅरियर या शिकारी पक्ष्यांच्या) रातथाऱ्याची, म्हणजे रात्री एकत्र उतरण्याच्या जागेची, मोजणी आम्हाला सरावाची आहे, पण डोंगराच्या कडेने वाहत जाणारे पक्षी मोजणं वेगळं प्रकरण दिसतंय. त्रिउंडला चढून बसावं की खालीच नड्डी गावाच्या बाजूला? किती वाजता सुरू करायचं? गिधाडं, गरुड सगळे एकाच ठिकाणी घिरट्या घालत असतील तर कोणता मोजला, कोणता नाही, हे कसं ठरवतात? सामान: १०×४२ च्या तीन दुर्बिणी, २०-६० चा एक स्कोप, एक ४०० मिमीची लेन्स.

सोंडेवरचा
नड्डी. त्रिउंडचा मोह टाळा.

कारण उजेडाचं आहे. नड्डीच्या धारेवर उत्तरेकडे तोंड करून बसलात की धौलाधारची सगळी दक्षिण बाजू समोर उघडी आणि सूर्य दिवसभर पाठीशी. पक्षी डावीकडून उजवीकडे जातात आणि पोटाखालच्या खुणा उजळलेल्या दिसतात. शिवाय मार्चमध्ये वरच्या अंगावर बर्फ असतो. तपकिरी गरुड जंगलावरून गेला तर दुर्बिणीतूनही हरवतो, बर्फावरून गेला तर नुसत्या डोळ्याने दिसतो. त्रिउंड सुमारे २८०० मीटरवर आहे. तिथे काही पक्षी डोळ्यासमोरून, काही तर पायाखालून जातात, फोटोला ते उत्तम. पण कांगडा खोऱ्याच्या बाजूने जाणारे तिथून सुटतात, वाटेत बर्फ लागतो, आणि चढून स्थिर बसेपर्यंत सकाळचे दोन तास गेलेले असतात.

आता रेषा. मोजणीत हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. समोरचं एक ठळक शिखर निवडा, त्याच्या खाली येणारी एखादी सोंड निवडा, आणि तिथून तुमच्या डोक्यावरून मागे खोऱ्यातल्या एखाद्या खुणेपर्यंत उभी काचेची भिंत आहे असं समजा. ती भिंत पश्चिमेकडून पूर्वेला ओलांडली तर पक्षी मोजायचा. पलीकडे कितीही घिरट्या घालू दे, ओलांडली नाही तर तो मोजणीत नाही. उलटा आला तर ‘उलट’ रकान्यात. दिवसाचा आकडा म्हणजे सुलट वजा उलट. भिंतीच्या खुणा पहिल्या दिवशी फोटोवर आखून घ्या आणि आठही दिवस तीच भिंत ठेवा. जागा शंभर मीटर सरकली तरी खुणा सरकतात, म्हणून खुर्च्या रोज त्याच ठिकाणी.

घारघर
वरच्या प्रतिसादाशी सहमत, एक भर. तोंड उत्तरेकडे ठेवून चौघंही समोरच बघत राहिले तर दुपारी बरेच पक्षी पाठीमागून निघून जातात. सकाळी दक्षिण उतार तापायला लागला की पक्षी डोंगराच्या अंगाला चिकटून, कमी उंचीवर असतात. अकरा-बाराच्या पुढे थर्मल (तापलेल्या हवेचे वर चढणारे झोत) उंच जातात, तसे पक्षी वर आणि बाहेर, खोऱ्याकडे सरकतात. म्हणून माणसांची वाटणी अशी: एक समोरच्या भिंतीवर, एक डोक्यावर आणि मागे, एक लिहायला, एक विश्रांतीला. दर अर्ध्या तासाने जागा बदला. सलग तासभर रिकाम्या आकाशाकडे बघितलं की डोळा जवळच्या अंतरावर ढिला पडतो आणि वरचा ठिपका समोर असून दिसत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी दूरच्या धारेवर नजर आणि दुर्बीण दोन्ही जुळवून घ्यायची सवय लावा.

दुर्बीण फिरवण्याची पद्धत ठरलेली असू द्या. आधी धारेच्या काठाने डावीकडून उजवीकडे, मग दुर्बिणीच्या एका वर्तुळाएवढं वर सरकून उलट परत, मग आणखी एक पट्टा वर. एका फेरीला तीन-चार मिनिटं लागावीत. भराभर फिरवली तर पक्षी नाही, नुसतं आकाश बघून होतं. निरभ्र दिवस मोजणीला सगळ्यात वाईट, हे आधीच सांगतो. ढगाच्या पांढऱ्यावर जो पक्षी सहज सापडतो तो निळ्यात विरघळतो.

वेळ: नऊ ते पाच. पहिल्या आणि शेवटच्या तासात फार काही मिळणार नाही, पण त्यांचा शून्यसुद्धा लिहायचा. सकाळचा अंदाज हवा असेल तर जवळच्या पॅराग्लायडिंगवाल्यांना विचारा. हवा कधी ‘उचलायला’ लागते हे त्यांना गरुडांइतकंच ठाऊक असतं.

भोवरा_मोजणारा
एकच पक्षी दोनदा मोजला जाण्याबद्दल. थर्मलमध्ये गिरक्या घेणारा घोळका कधीही मोजू नका. त्यात पक्षी वर-खाली, पुढे-मागे होत असतात आणि दोन गिरक्यांत आकडा दोन वेगळे येतात. थांबा. घोळक्याच्या माथ्यावरून एकेक पक्षी पंख आखडून पूर्वेकडे सुटायला लागतो, तेव्हा ओळ बनते. ती ओळ भिंत ओलांडताना मोजा. दुर्बीण भिंतीवर रोखून स्थिर धरायची, पक्ष्याबरोबर फिरवायची नाही. पक्षी चौकटीतून जातील तसा क्लिकर (दाबला की एक आकडा पुढे जाणारं हातातलं यंत्र) दाबत जायचा.

क्लिकर दोनच पुरेत: एक स्टेप ईगलसाठी, एक अनोळखी गरुडासाठी. बाकीच्यांना कागदावर पेन्सिलीच्या रेघा. थंडीत बॉलपेन दगा देतं, म्हणून पेन्सिल.

कचरा डेपोवर उतरणाऱ्या पक्ष्यांकडे लक्ष ठेवा. स्टेप ईगल मेलेल्या जनावरांवर आणि कचऱ्यावर सर्रास येतात. असे पक्षी दिवस-दोन दिवस तिथेच रेंगाळून भिंतीच्या आरपार चार वेळा ये-जा करू शकतात. पक्षी सलग दिशा धरून, उंची राखून जातोय की खाली बघत डुलतोय, हे आधी बघा. शंका असेल तर ‘स्थानिक?’ असं लिहून ठेवा, नंतर वगळता येतं. मोजून टाकलेला पक्षी नंतर वगळता येत नाही.

माळटिटवी
खूप उपयोगी, धन्यवाद. त्रिउंड रद्द. 🙂 आता ओळखीबद्दल. माळावर बसलेला स्टेप ईगल आम्हाला ओळखता येतो (चोचीची कड डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते ती खूण), पण दोन किलोमीटरवरून ते काय दिसणार? आणि वय नोंदवणं गरजेचं आहे का? आमच्यातला एकजण फोटो काढणार आहे, तो मोजणीत धरावा का?

सोंडेवरचा
फोटो काढणारा मोजणीत नाही. लेन्स डोळ्याला लावली की त्याचं सगळं आकाश एका पक्ष्याएवढं होतं. त्याला पाचवा माणूस समजा, म्हणजे तुमचे मोजणारे तीनच.

पंखांची_कड
वय नक्की नोंदवा, निदान जवळून जाणाऱ्या पक्ष्यांचं. स्टेप ईगल २०१५ पासून जागतिक धोक्याच्या यादीत ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे. पिल्लं किती वाचतायत हे प्रौढ आणि कोवळ्या पक्ष्यांच्या प्रमाणावरून कळतं, एकूण आकड्यावरून नाही. एकूण आकडा हवामान आणि तुमचे डोळे दोघं मिळून ठरवतात.

मार्चमध्ये एक सापळा आहे. गेल्या उन्हाळ्यात जन्मलेल्या पक्ष्याच्या पंखाखाली मधोमध रुंद पांढरा पट्टा असतो आणि पंखाच्या मागच्या कडेला पांढरी किनार. वसंतापर्यंत ती किनार झिजून जवळपास नाहीशी झालेली असते. पुस्तकातलं चित्र ताज्या पिसांचं असतं, त्यामुळे लोक किनार शोधतात, ती नसली की पक्षी मोठा समजतात. मधला पट्टा बघा, तो टिकतो. पूर्ण प्रौढाला पट्टा नसतो. उडणपिसं राखाडी, त्यावर आडव्या रेघा आणि मागच्या कडेला गडद किनार. मधल्या वयाचे पक्षी तुटक पट्ट्याचे, ठिगळ लावल्यासारखे दिसतात. तीनच रकाने ठेवा: पट्टा पूर्ण, पट्टा तुटक, पट्टा नाही. आणि चौथा ‘वय कळलं नाही’. दूरच्या पक्ष्यांपैकी निम्म्याहून जास्त चौथ्यात गेले तरी वाईट वाटून घेऊ नका.

आणखी एक. वसंतात प्रौढ आधी निघतात, कोवळे मागून येतात. मार्चच्या पहिल्या आठवड्याचं प्रमाण आणि तिसऱ्या आठवड्याचं प्रमाण वेगळं येणारच. तुमच्या आठ दिवसांवरून ‘यंदा पिल्लं कमी’ असं लिहू नका. पुढच्या वर्षी त्याच तारखांना बसलात तर मात्र तुलना करता येईल.

दुरून आकार असा बघा. हिमालयन गिधाड पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत अडीच मीटरच्या पुढे, शेपूट आखूड, पंख हलवले तर फार सावकाश. स्टेप ईगल १.७ ते २.१ मीटर, सरकताना पंख कमानीसारखे, मनगटापुढचा भाग खाली झुकलेला. पंख वर उचलून इंग्रजी ‘व्ही’सारखे धरलेले असतील तर गोल्डन ईगल किंवा ब्लॅक ईगल, दोघंही बहुतेक स्थानिक. पाचरीसारखी लांब शेपूट म्हणजे दाढीवालं गिधाड, तेही स्थानिक. पंख सपाट, शेपूट जरा लांब, मानेवर फिकट सोनेरी: इम्पीरियल ईगल, पण हे दोन किलोमीटरवरून म्हणायला धाडस लागतं. ग्रेटर स्पॉटेडही पंख झुकवूनच सरकतो, म्हणून नुसत्या आकारावर स्टेप ईगल लिहून मोकळं होऊ नका. घारींकडेही लक्ष द्या, त्याही स्थलांतर करतात आणि ‘घारच आहे’ म्हणून सोडून दिल्या जातात.

आकडेमोड
उशिरा आलो. चौघं आहात तर एक गोष्ट फुकटात करून घ्या. रोज एक तास दोघांनी एकमेकांशी न बोलता, पाठीला पाठ लावून नव्हे, पण बोट न दाखवता, स्वतंत्र मोजायचं. प्रत्येक पक्ष्याची मिनिटासकट वेळ आणि ‘शिखराच्या वर / खाली / डोक्यावर’ अशी जागा लिहायची. तास संपला की कागद जुळवायचे. समजा पहिल्याला ३० दिसले, दुसऱ्याला २५, आणि दोघांनाही दिसलेले २०. मग तिथून गेलेल्या पक्ष्यांचा अंदाज ३० × २५ ÷ २० = ३७.५. दोघांनी मिळून वेगवेगळे ३५ पाहिले, म्हणजे सुमारे ९३ टक्के. पण पहिला एकटा असता तर ८० टक्केच, दुसरा दोन-तृतीयांश. खूप उंचावरचे पक्षी दोघांनाही सारखेच अवघड असतात, त्यामुळे खरा आकडा याहून थोडा जास्तच असतो.

यासाठी घड्याळं जुळलेली हवीत. कॅमेऱ्याचंसुद्धा. लोक कॅमेऱ्याचं विसरतात आणि मग फोटोतला कोवळा पक्षी कागदावरच्या कुठल्या नोंदीचा, ते कधीच लागत नाही.

घारघर
तासाच्या तक्त्यात काय असावं ते लिहितो, म्हणजे कोणी तिथे बसून शोधायला नको. तासाची सुरुवात-शेवट, प्रत्यक्ष बघणारे किती (लिहिणारा धरायचा नाही), वाऱ्याची दिशा आणि जोर, ढग आठपैकी किती भाग, सगळ्यात दूरची कोणती धार दिसतेय, शिखरं ढगात आहेत का. मग पक्षी. पाऊस किंवा बर्फ पडून वीस मिनिटं मोजणी थांबली तर तो तास ४० मिनिटांचा लिहायचा. समजा एका दिवशी सात तासांत १४० गेले आणि दुसऱ्या दिवशी चार तासांत १४०. आकडा एकच, पण तासाला २० आणि तासाला ३५. तास न लिहिलेला आकडा कुणाच्याच कामाचा नाही, मग तो कितीही मोठा असो.

धौलाधारवर दुपारी शिखरांवर ढग चढतात. तेव्हा पक्षी ढगाच्या तळाखाली उतरून जवळून जातात आणि आकडा एकदम वाढतो. तिथे ‘दोन वाजता सर्वाधिक स्थलांतर’ असं लिहायचा मोह होतो. वाढलंय ते बहुतेक दिसणं, जाणं नाही. ढगाचा रकाना भरला असेल तरच हे नंतर उलगडतं.

पश्चिमी चक्रावात (पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली) आला की एक-दोन दिवस सगळं बंद. पक्षी कुठेतरी उतरून बसतात. आकाश उघडल्यावरचा पहिला पूर्ण दिवस सोडू नका, अडकलेले सगळे त्या दिवशी निघतात. त्यामुळे ‘पाऊस झाला, आता एक दिवस फिरून येऊ’ हा बेत सुरू व्हायच्या आधीच रद्द करा.

ई-बर्डवर (पक्षी नोंदींच्या ऑनलाइन संग्रहावर) टाकताना एका जागेवरची, दर तासाची वेगळी यादी करा. वयाचा तक्ता तिथेच भरता येतो. ‘सुलट, भिंत ओलांडलेले’ हे शेऱ्यात लिहा, नाहीतर समोर दिवसभर फिरणारी बारा गिधाडं प्रत्येक तासाला नवी बारा होतात.

दख्खनी_वारा
विषय थोडा सोडून: हेच सह्याद्रीत नाही का करता येणार? हिमालयाइतकं लांब जायला नको.

सोंडेवरचा
वसंतात फारसं हाती लागणार नाही. धौलाधार खोऱ्यापासून थोड्याच किलोमीटरांत ४००० मीटरच्या वर जातो आणि पक्ष्यांना जायचं असतं त्याच दिशेने लांबवर पसरलेला आहे, म्हणून ते त्याच्या अंगाला धरून एका पट्ट्यात येतात. आपल्याकडचे हिवाळी पाहुणे माळावरून रुंद आघाडीने उत्तरेकडे निघतात, एका धारेवर बसून ते सापडत नाहीत. त्यांच्यासाठी मार्चमध्ये भोवत्यांचा रातथारा रोज संध्याकाळी मोजा. आकडा कुठल्या तारखेपासून उतरायला लागतो, तीच निघण्याची तारीख.

माळटिटवी
तक्ता बनवायला घेतला. एक राहिलं: खुर्च्या कसल्या?

भोवरा_मोजणारा
पाठ मागे कलणाऱ्या, डोकं टेकेल अशा. सरळ पाठीच्या खुर्चीवर बसलेला माणूस तिसऱ्या दिवसापासून डोक्यावरचे पक्षी बघणं बंद करतो, मान दुखते म्हणून, आणि आपण बंद केलंय हे त्याला कळतही नाही. मानेखाली घ्यायला एक उशी, कडक टोपी नको कारण ती मागे टेकत नाही, आणि ओठांना लावायला काहीतरी. समोर बर्फ असतो, ऊन खालूनही लागतं.