अनुभव धागा: पीसी आपोआप रीस्टार्ट व्हायचा, शेवटी चोर कोण निघाला?

गेल्या महिन्यापासून आमच्या घरचा पीसी दिवसातून दोनतीनदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतोय. विंडोज कोसळल्यावर येतो तो निळा पडदा नाही, आवाज नाही, काही इशाराच नाही. ज्याला विचारावं तो ठामपणे एकच कारण सांगतो आणि प्रत्येकाचं कारण वेगळं! म्हणून हा धागा. सल्ले नकोत, घडलेलं लिहा. केव्हा व्हायचं, आधी कोणावर संशय घेतला, आणि खरा चोर कोण. चुकीचा भाग बदलून बसला असाल तर तेही न लाजता सांगा.

सुरुवात मी करतो. विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर 'कर्नल-पॉवर ४१' अशा लाल नोंदींची रांग. म्हटलं, सापडला! पॉवर म्हणजे एसएमपीएसच, पीसीला वीज पुरवणारा डबा. नवा आणून बसवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ती नोंद नीट वाचली. मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं, एवढंच ती सांगते, आणि तेही पुन्हा सुरू झाल्यावर. मृत्यूचा दाखला आहे तो, शवविच्छेदन नव्हे.

* * *

त्याच ४१ च्या नोंदीचा तपशील उघडा, बगचेककोड नावाची ओळ असते, म्हणजे विंडोज कोसळल्याच्या कारणाचा क्रमांक. तिथे शून्य असेल तर विंडोजला जाताना काही लिहून ठेवायची सवडच मिळालेली नाही. संशय वीज किंवा हार्डवेअरकडे न्यावा. माझ्याकडे २६ होता. हा दशमान आकडा. निळ्या पडद्यावर तोच षोडशमान पद्धतीत १ए असा दिसतो, म्हणजे मेमरी मॅनेजमेंट. आणि निळा पडदा मला कधी दिसलाच नव्हता, कारण 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मध्ये 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'वर आधीपासूनच टिक असते. ती काढली आणि दुसऱ्याच दिवशी दर्शन झालं.

रॅमच्या दोन पट्ट्या. काढल्या, खोडरबरने पुसल्या, एकेक लावून पाहिल्या. एकट्या असताना दोघी गुणी! एकत्र आल्या की भांडण. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ची पहिली फेरी स्वच्छ गेली, तिसरीत चुका दिसल्या. म्हणून एका फेरीवर 'रॅम ठीक आहे' म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. शेवटी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवायची सोय) बंद करून वेग खाली आणला. पट्ट्या त्याच आहेत, दोन वर्षं झाली.

* * *

रीसेटचं बटण. कॅबिनेटवरचं. धूळ जाऊन आत रुतलं होतं आणि टेबलाला धक्का लागला की टेकायचं. मदरबोर्डवरची त्याची दोन पिनांची वायर उपटून टाकली. तोवर विंडोज तीनदा नव्याने टाकून झालं होतं. पुढे काही बोलत नाही.

* * *

जुनी गोष्ट सांगतो, ऑगस्ट २००३ ची. मी शाळेत होतो. इंटरनेट जोडलं की थोड्याच वेळात चौकट यायची: ६० सेकंदांत यंत्र बंद होणार, हुकूम 'एनटी ऑथॉरिटी सिस्टीम'चा, आणि उलटी मोजणी सुरू. बाबांचं निदान असं की मोडेम जास्त वीज खेचतो. मोडेमची जागा बदलली, वायर बदलली.

निघाला ब्लास्टर वर्म, नेटवरून स्वतःच पसरणारा घातक प्रोग्रॅम. विंडोजच्या आरपीसी नावाच्या अंतर्गत सेवेत फट होती, तिथून तो घुसायचा. सेवा कोसळली की विंडोज स्वतःच रीस्टार्ट व्हायचं. फट बुजवणारा पॅच जुलैतच आलेला, पण तो उतरवायला इंटरनेट लागणार आणि इंटरनेट जोडलं की ६० सेकंद! मग कोणीतरी 'शटडाऊन -ए' ही आज्ञा शिकवली, तिने मोजणी थांबते. ती टाइप करण्यात मी इतका तरबेज झालो की पुढच्या वर्षी सॅसर नावाचा तसाच वर्म आला तेव्हा घरात कोणी घाबरलं नाही.

* * *

व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की पाच मिनिटांत गायब. प्रोसेसरचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावलं तर आकडा बघता बघता १०० अंशांवर. पंखा फिरतोय, धूळही नाही. प्रोसेसर आणि हीटसिंक (त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्यामधली थर्मल पेस्ट दोनदा लावली. हीटसिंकच्या चार प्लास्टिक खिळ्यांपैकी एक मदरबोर्डात अर्धाच गेला होता, हे तिसऱ्यांदा खोलल्यावर दिसलं. बोटाने दाबला, 'टक्' वाजलं, संपलं.

* * *

माझं प्रकरण जरा लांबलचक आहे, पण लिहितेच.

आमचा पीसी एक रविवार आड, सकाळी साधारण त्याच वेळेला रीस्टार्ट व्हायचा. 'अपडेट असणार' हे सगळ्यांचं मत, आणि आधी माझंही. पण अपडेटने रीस्टार्ट केलं की १०७४ क्रमांकाची नोंद राहते, कोणत्या प्रोग्रॅमने करायला लावलं तेही त्यात असतं. माझ्याकडे १०७४ नव्हतीच. होत्या त्या ४१ आणि ६००८, म्हणजे यंत्र अनपेक्षितपणे बंद पडल्याच्या. अपडेट निर्दोष.

मग तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लागले. चार वेळा झाल्यावर अंतर मोजलं: बरोबर १४ दिवस, दर वेळी. खराब रॅम काही वार बघून बिघडत नाही.

पाचव्या रविवारी समोरच बसले. यूपीएसमधून 'टुक' असा आवाज आला आणि पीसी गेला. मॉनिटर मात्र चालूच! तो भिंतीवरच्या सॉकेटला होता, पीसी यूपीएसला. म्हणजे घरातली वीज गेलीच नव्हती. यूपीएसचं माहितीपत्रक शोधून वाचलं, तर तो दर १४ दिवसांनी स्वतःच्या बॅटरीची चाचणी घेतो आणि त्यासाठी काही सेकंद सगळा भार बॅटरीवर टाकतो. बॅटरी पाच वर्षांची, पार मेलेली. एसएमपीएस विजेविना तग धरतो तो सेकंदाच्या साठाव्या हिश्शाच्या आसपास, त्यापुढे नाही. वीज खरोखर गेली असती तर हे आधीच कळलं असतं, पण नेमकी त्या काळात ती गेलीच नाही. कुंपणानेच शेत खाल्लं. बॅटरी बदलली, रविवार सुटले.

* * *

वरच्या ताईंना दंडवत. माझं उलटंच होतं. तासन्तास गेम खेळा, काही नाही. फोन घ्यायला उठलं की रीस्टार्ट. निवांत असताना प्रोसेसर फारच कमी वीज घेतो आणि माझ्या जुन्या एसएमपीएसला इतका कमी भार पेलत नव्हता. बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' होतं, ते 'टिपिकल करंट आयडल'वर नेलं. झालं.

* * *

धागाकर्ते, एसएमपीएसला इतक्यात क्लीन चिट देऊ नका. माझा तोच होता. माझ्या ग्राफिक्स कार्डला विजेच्या दोन जोडण्या लागतात, मी दोन्ही एकाच केबलवरून दिल्या होत्या. गेममध्ये स्फोट झाला की पीसीही जायचा. दोन वेगळ्या केबल लावून बघितल्या, तरीही जायचा. शेवटी युनिटच बदललं. आणि कृपा करून तो डबा उघडायच्या भानगडीत पडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब उरलेला असू शकतो.

* * *

धागाकर्ता परत हजर. बगचेककोड शून्य. मग कॅलेंडरची युक्ती उचलली, फक्त वेळेसोबत 'त्या क्षणी खोलीत काय चाललं होतं' हेही लिहिलं. सात नोंदींपैकी सहांत एकच गोष्ट: कोणीतरी खुर्चीवरून उठलं. खुर्चीचं चाक एक्स्टेंशन बोर्डच्या वायरला लागत होतं आणि बोर्डातला सॉकेट इतका सैल की प्लग आत नुसता लोंबकळत होता. प्लग हलवून पाहिला, समोर रीस्टार्ट.

बोर्ड बदलला. बारा दिवस शांतता. जुना एसएमपीएस परत आत गेलाय, नवा खोक्यात आहे. सातवी नोंद रात्रीची होती, तेव्हा खोलीत कोणीच नव्हतं. तिचं काय ते अजून बघतोय.

* * *

सगळं वाचून काढलं. माझा पीसी काल पुन्हा रीस्टार्ट झाला. मेमटेस्ट लावून झोपतोय, सकाळी लिहितो.