मदत हवी आहे: अँटिबायोटिकनंतर आईची टाच दुखतेय

नमस्कार मंडळी. आम्ही पंचवटीत राहतो. आई ६७ वर्षांची आहे, तिला मधुमेह आहे. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी तिला लेव्होफ्लॉक्सॅसिन ५०० चालू होतं. चौथ्या दिवशी टाचेच्या मागची जाड शीर दुखायला लागली. रोज पायी काळारामाला जाणारी बाई, आता कठडा धरून एकेक पायरी उतरते. डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी गोळी लगेच बंद करून लघवीचं कल्चर (कोणते जंतू आहेत ते बघायची तपासणी) करायला सांगितलं. लेव्होफ्लॉक्सॅसिनच्या गटातल्या औषधांनी स्नायूबंध (टाचेमागच्या त्या शिरेसारखे) दुखावतात, साठीनंतर आणि सोबत स्टिरॉइड असेल तर धोका वाढतो, हे मला तेव्हा कळलं. शिवाय आई ती गोळी कॅल्शियमच्या गोळीबरोबरच घेत होती. त्यात दोन तासांचं अंतर लागतं, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

आता अडचण पुढच्या औषधाची. दहा वर्षांपूर्वी अमॉक्सिसिलिनने तिच्या अंगभर गांधी उठल्या होत्या, त्यामुळे पेनिसिलिन गटाची भीती वाटते. नायट्रोफ्युरँटॉइन हे लघवीच्या संसर्गावरचं दुसरं औषध किडनीचं काम बघून देतात, म्हणून क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणीही करायला दिलीय.

कुणाच्या घरी असं झालंय का? टाच बरी व्हायला किती दिवस लागले? नाशकात पेनिसिलिनची ॲलर्जी तपासणारे किंवा जंतुसंसर्गाचे तज्ज्ञ डॉक्टर कोण आहेत? गंगापूर रोड, कॉलेज रोड कुठेही चालेल, फक्त लिफ्ट हवी. कल्चरचा रिपोर्ट परवा येईल.