ॲनिमे कॉन: रांगा, प्रॉप आणि स्टाफ

प्रेषक: अ. ज.
विषय: ॲनिमे कॉनचा अनुभव (जरा तक्रारच आहे)

नमस्कार मंडळी,

मुलांना ॲनिमे कॉनला (जपानी कार्टूनच्या चाहत्यांच्या मेळाव्याला) पाठवावं का, सोबत जावं लागतं का, असं मध्यंतरी इथे दोघातिघांनी विचारलं होतं. आम्ही मायलेकी नुकत्याच जाऊन आलो, तर ताजं आहे तोवर लिहून टाकते. कॉनचं नाव मुद्दाम देत नाही. आपल्यातले काही जण तिथे स्टाफवर असतात आणि मला कुणाला बदनाम करायचं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

लेक चौदा वर्षांची. सुट्टीभर कॉस्प्लेवर, म्हणजे आवडत्या पात्राच्या वेशभूषेवर, खपत होती. हातात जादूगाराचा दंड, जवळजवळ तिच्याच उंचीचा: आत पीव्हीसीचा पाइप, वरून हीट गनने वाकवलेला ईव्हीए फोम, त्यावर प्रायमर आणि रंगाचे थर. प्रॉप (वेशाबरोबर हातात धरायच्या वस्तू) तपासायच्या टेबलावरच्या मुलाने तो हातात घेऊन तोलला, टोकावर टिचकी मारली, आत काय आहे विचारलं, नियमांचा कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "लांबी जास्त आहे, आत नेता येणार नाही." लेकीचा चेहरा पडला. मी म्हटलं, कागदावर लांबीची अट शस्त्रांना आहे, हा दंड आहे. तो म्हणे, तेच. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची बाई उठून आली, दंड जरासा वाकवून पाहिला आणि पिवळा झिप टाय बांधून "जा" म्हणाली. एका टेबलाचा कायदा दुसऱ्या टेबलाला माहीत नाही!

खरा वैताग दुपारी. एका व्हॉइस ॲक्टरच्या ऑटोग्राफसाठी रांग लावली. रांग कॉरिडॉरने कापलेली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. आम्ही तिकडच्या अर्ध्या भागात. बराच वेळ उभं राहिल्यावर एक व्हॉलंटिअर पाटी घेऊन आला आणि आमच्या कितीतरी पुढे जाऊन उभा राहिला. पाटीवर "रांग इथे संपली". मग आम्ही इतका वेळ कशात उभे होतो? विचारलं तर उत्तर, "मला रेडिओवर सांगतात तेवढंच मी करतो."

आता चांगलंही सांगते, नाहीतर अन्याय होईल. हॉलबाहेर एक माणूस न विचारता खाली बसून लेकीचे फोटो काढायला लागला. मी जवळच्या व्हॉलंटिअरला सांगितलं. तो स्वतः मध्ये पडला नाही, फक्त आमच्या आणि त्या माणसाच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि रेडिओवर बोलला. लगेच एक स्टाफवाली आली. तिने आधी लेकीला विचारलं, मला नाही: "तुला काय झालेलं हवंय? फोटो पुसायला हवेत, की तो समोरून जायला हवाय, की दोन्ही?" लेक म्हणाली, दोन्ही. दोन्ही झालं. हे मला फार आवडलं.

तर प्रश्न असा: हे सगळं त्यांना लिहून कळवावं का? वाचतं का कोणी?

अ. ज.

---

प्रेषक: वि. के.

ताई, बॅजसाठी (म्हणजे प्रवेशाच्या बिल्ल्यासाठी) रांग, प्रॉपसाठी रांग, सहीसाठी रांग, तीही मिळाली नाही. आणि याला करमणूक म्हणायचं! आमच्या नातवाला हा मेल दाखवणार आहे.

वि. के.

---

प्रेषक: नि. पा.

काका, नातवाला दाखवाच. तो तरीही जाईल. :)

ताई, त्याच कॉनला मी स्टाफवर होतो. रांगांच्या टीममध्ये असतो, पण ऑटोग्राफची टीम वेगळी. तुमच्या मेलमधल्या एकेका गोष्टीवर सविस्तर लिहितो, कारण बाहेरून हे सगळं एकच 'स्टाफ' दिसतं आणि आतून तसं नसतं.

आधी प्रॉप. तपासणारा पाहतो त्या गोष्टी साधारण अशा: धातूचं पातं आहे का, बंदूक खरी वाटते का, टोक कुणाला लागेल का, आणि गर्दीत वळताना मागच्याच्या डोळ्यात जाईल का. लांबीची अट या शेवटच्यासाठी असते. त्यामुळे तो दंड आहे की भाला, याने तिथे फरक पडत नाही. फरक पडतो तो वाकण्याने. दुसऱ्या टेबलावरच्या बाईंनी वाकवून पाहिलं ते त्यासाठीच. त्या प्रॉप विभागाच्या जुन्या आहेत. पहिला मुलगा त्या सकाळीच टेबलावर बसला असणार आणि त्याच्या हातात फक्त तो कागद. शंका आली की विभागप्रमुखाला बोलवायचं, 'नाही' परस्पर म्हणायचं नाही, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणि ही मंडळी इतकी धास्तावलेली का असतात, तर २०१७ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या फिनिक्स कॉमिकॉनमध्ये एक माणूस खऱ्या, भरलेल्या बंदुका घेऊन आत शिरला होता. पोलिसांनी पकडला म्हणून निभावलं. त्यानंतर तिथे कार्यक्रम चालू असतानाच प्रॉप शस्त्रांवर सरसकट बंदी आली. घरून खपून बनवलेल्या वस्तू लोकांना परत ठेवून याव्या लागल्या आणि प्रवेशाच्या रांगा आणखी लांबल्या. प्रॉपच्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात ते असतंच.

ऑटोग्राफ. इथे सारवासारव करत नाही, ती आमची चूक होती. हिशोब सोपा आहे: पाहुणा तासभर बसणार, माणशी साधारण एक मिनिट, म्हणजे साठेक लोक. एकसष्टावा माणूस आला की त्याच क्षणी पाटी लागली पाहिजे आणि ती पाटी शेपटाला असली पाहिजे. तुमची रांग दोन तुकड्यांत होती, कारण कॉरिडॉरमधून आग लागल्यावर बाहेर पडायची वाट आहे. ती अडली तर फायर मार्शल (अग्निसुरक्षेचा अधिकारी) कार्यक्रम थांबवू शकतो, त्यात वाद नाही. पण दुसरा तुकडा मोजायचा कुणी, हेच ठरलं नव्हतं. पुढच्याला वाटलं मागचा मोजतोय, मागच्याला वाटलं पुढचा. पाटीवाल्या मुलाने तुम्हाला खरं तेच सांगितलं, फक्त ते कुणालाही ऐकायला आवडण्यासारखं नव्हतं.

वाचतं का कोणी? वाचतात. शेवटच्या दिवशी अभिप्रायाची बैठक असते, सगळे विभागप्रमुख समोर बसतात आणि ज्याला जे बोलायचं ते माइकवर बोलतो. अडचण ही की तोवर निम्मे लोक घरी गेलेले असतात. नंतर ऑनलाइन फॉर्म असतो. त्यात "स्टाफ उद्धट होता" असं लिहिलंत तर आम्ही मान हलवतो आणि पुढे जातो, करणार काय? "शनिवारी दुपारी, ऑटोग्राफ, कॉरिडॉरपलीकडचा तुकडा" असं लिहिलंत तर कॉन-ऑप्सच्या (सगळ्या कॉनचं कामकाज सांभाळणाऱ्या खोलीच्या) नोंदवहीत ती वेळ काढता येते. रेडिओवर कोण काय म्हणालं याच्या टिपणांशी ताडून पाहता येतं आणि चूक कुठे झाली ते सापडतं. तुमचा मेल याच दृष्टीने उत्तम आहे. परवानगी असेल तर नाव काढून ऑटोग्राफवाल्यांना पाठवतो.

एक सांगायचं राहिलं. यातल्या कुणालाही पगार नाही. आमच्याकडे नाही, आणि अमेरिकेतल्या ओटाकॉनसारख्या मोठ्या ॲनिमे कॉनमध्येही नाही. १९९४ साली विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं, आता वॉशिंग्टनच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरणारं ते कॉन अजून बिनपगारी स्टाफच चालवतो.

नि. पा.

---

प्रेषक: अ. ज.

दादा, इतकं सविस्तर लिहिलंस, बरं वाटलं. खुशाल पाठव.

पण 'पगार नाही' हे मला अर्धंच पटतं. आमचा बॅज फुकट नव्हता. मंडळाच्या कामात मीही बिनपगारी राबते, तरी तिकीट काढून आलेल्याला आपण असं सांगत नाही. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला पाटी देऊन एकट्याला पुढे धाडणाऱ्यावर आहे. सगळ्यांच्या शिव्या तो पोरगा खातो आणि ज्याने मोजायचं ठरवलं नाही तो खोलीत बसलेला.

अ. ज.

---

प्रेषक: रा. स.

नमस्कार, मी कॉलेजात आहे, इथे एरवी फक्त वाचते. कॉस्प्ले बरीच वर्षं करते म्हणून फोटोंबद्दल थोडं.

मावशी, तुम्हाला आलेला अनुभव आताचा आहे. पूर्वी असं नव्हतं. न्यूयॉर्क कॉमिक कॉनने २०१४ मध्ये 'कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे' अशा मोठाल्या पाट्या लावल्या, तेव्हा त्याची केवढी चर्चा झाली होती. आता तेच वाक्य बहुतेक कॉनच्या नियमांत असतं. पण नियमात असणं वेगळं आणि समोरच्या व्हॉलंटिअरला माहीत असणं वेगळं. एका दुसऱ्या कॉनमध्ये मी अशीच तक्रार केली तर उत्तर आलं, "हॉलमध्ये फोटोला बंदी नाही." नाहीच आहे! मी बंदीबद्दल बोलतच नव्हते.

म्हणून आता मी तिथल्या तिथे वाद घालत नाही. त्या माणसाच्या बॅजवरचं नाव किंवा नंबर बघते, बॅजची दोरी कुठल्या रंगाची ते बघते (प्रेसची वेगळी असते, स्टॉलवाल्यांची वेगळी) आणि सरळ कॉन-ऑप्सच्या खोलीत जाते. तिथे लिहून घेतात. बॅज काढून घ्यायचा अधिकारही तिथल्यांनाच असतो, दारावरच्या मुलाला नसतो. त्या माणसाचा पाठलाग करू नका, त्याचा कॅमेरा हातात घेऊ नका, त्याने सगळी गोष्ट उलटते.

टोकियोच्या कॉमिकेटची (चाहत्यांनी स्वतः छापलेल्या कॉमिक्सच्या मोठ्या मेळाव्याची) पद्धत मला जास्त आवडते. तिथे कॉस्प्ले घालून घरून यायचं नाही आणि घालून घरी जायचं नाही, कपडे आत बदलायचे. फोटोसाठी ठरलेली जागा, फोटो काढणारेसुद्धा रांगेत उभे राहतात आणि विचारूनच काढतात. आणि तिथे कुणी 'ग्राहक' नसतो. स्टॉल मांडणारा, विकत घेणारा, स्टाफ, सगळ्यांना सहभागीच म्हणतात. १९७५ सालच्या डिसेंबरात पहिलं भरलं तेव्हा जेमतेम सातशे लोक होते म्हणे, तेव्हा ते सोपं असेल. आता लाखांत माणसं येतात तरी तसंच म्हणतात. तुमच्या बॅजच्या मुद्द्यावर त्यांचं काय उत्तर असतं कोण जाणे. :)

रा. स.

---

प्रेषक: मो. भि.

माझे गुडघे गेलेले, मुलासोबत गेलो होतो. नोंदणीपाशीच ॲक्सेसचा टेबल होता, बॅजवर स्टिकर लावून मिळालं. डॉक्टरचा कागद मागितला नाही, काय दुखतंय तेही विचारलं नाही, फक्त "किती वेळ उभं राहू शकता?" एवढंच. स्टिकर दाखवलं की रांगेत उभं न राहता बाजूच्या खुर्चीवर बसायचं, पाळी आली की बोलावतात. रांग मोडून पुढे नेत नाहीत, हे लक्षात ठेवा, नाहीतर तिथे जाऊन भांडाल. पॅनलच्या (चर्चेच्या कार्यक्रमाच्या) खोलीत पहिल्या दोन रांगांच्या कडेच्या खुर्च्या आमच्यासाठी राखलेल्या असायच्या. तिथे तरणीताठी पोरं येऊन बसत होती ती गोष्ट वेगळी. एकदा उठवलं, नंतर कंटाळलो.

मो. भि.

---

प्रेषक: नि. पा.

मोठा मेल लिहायचा नाही असं ठरवलंय, बघू.

काका, त्या खुर्च्यांवर खोलीच्या दारावरच्या माणसाने लक्ष ठेवायचं असतं. पण पॅनल सुरू होताना तो दाराशी डोकी मोजत असतो, कारण खोलीची क्षमता ओलांडली तर पुन्हा तोच फायर मार्शल. एक माणूस, दोन कामं. कडेच्या खुर्च्यांना कापडी पट्टी बांधून ठेवा, स्टिकरवाला आला की सोडा, असं ॲक्सेसच्या टीमला सुचवतो. तेवढ्याने निम्मं काम होईल असं वाटतं.

ताई, तुमच्या मेलवर ऑटोग्राफच्या प्रमुखांचं उत्तर आलं. दोन तुकड्यांची रांग असेल तर दोन्हीकडे मोजणारा माणूस हवाच, हे त्यांना मान्य आहे. पुढच्या वेळी रांगच नको, आधी ऑनलाइन सोडत काढू, असाही विचार चाललाय. मी त्याच्या विरोधात आहे. सोडतीत उभं राहण्याचा त्रास जातो हे खरं, पण पहाटे येऊन उभं राहायची तयारी असलेल्याला काही हातात राहत नाही. आणि एका घरातून दहा दहा अर्ज येतात. सकाळी दार उघडलं की तेवढीच टोकन वाटायची आणि टोकनवर यायची वेळ लिहायची, हे मला बरं वाटतं. त्यातही मग दाराबाहेर पहाटेची गर्दी होते, तिची व्यवस्था माझ्याच गळ्यात पडणार. तरी चालेल.

खोलीत बसलेल्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते तसंच्या तसं पाठवलंय, मऊ केलेलं नाही. एका प्रमुखाला झोंबलं. तोच प्रमुख आता म्हणतो की पाटी घेऊन जाणाऱ्यासोबत शिफ्टचा मुख्य माणूस गेलाच पाहिजे, लोकांना 'नाही' त्यानेच सांगायचं.

रा., तू ज्या कॉनचं लिहिलंस तिथे माझी ओळख आहे. तारीख आणि हॉल मला वेगळ्या मेलवर कळव, इथे नको. बाकी सगळ्यांनी: आमचा फॉर्म या महिनाअखेर बंद होतो. बॅजच्या रांगेबद्दल अजून कुणीच लिहिलेलं नाही, आणि शुक्रवारी सकाळी ती इमारतीला वळसा घालून गेली होती हे मी स्वतः पाहिलंय. त्यात जे उभे होते त्यांनी लिहा. माझ्याच टीमची रांग होती, त्यामुळे मी लिहिलेलं धरत नाहीत.

नि. पा.