मदत हवी आहे: नान्सेनची घड्याळं थांबल्यानंतरचा रेखांश

नान्सेन आणि योहानसेन या ध्रुवप्रवाशांच्या 1895 मधल्या, उत्तर ध्रुवाकडच्या बर्फावरच्या वाटचालीचा नकाशा काढतोय. 8 एप्रिलला 86°14' उत्तरेपर्यंतची वाट नीट बसली. पुढे काही दिवसांतच किल्ली द्यायची राहून दोघांची घड्याळं थांबली आणि तिथून रेखांश अंदाजाचा झाला.

अक्षांशाची अडचण नाही, तो सूर्याच्या मध्यान्ह उंचीवरून मिळतो. पण रेखांश घड्याळाच्या वेळेवरून काढतात; ते 1 मिनिट चुकलं की रेखांश 15' सरकतो: म्हणजे 86° वर जेमतेम 2 किमी, फ्रान्झ जोसेफ लँड या आर्क्टिक बेटांपाशी 81° वर मात्र साडेचार किमी.

आकाशातल्या चंद्र-सूर्यांमधलं कोनीय अंतर मोजून वेळ काढता आली असती का, तेही पडताळलं. पौर्णिमा 9 एप्रिलच्या सुमारास, त्यामुळे तेव्हा चंद्र क्षितिजाखालीच (दुर्दैवच म्हणायचं!). नुसती दिशा आणि चाललेलं अंतर धरून रेघ ओढली, तर बर्फाचं वाहणं हिशेबात येत नाही.

म्हणून, ते दोघे ज्या जहाजावरून निघाले त्या, बर्फात अडकून त्याच्यासोबत वाहणाऱ्या फ्रामच्या त्याच दिवसांतल्या नोंदींवरून बर्फाचा वेग काढून तो या दोघांच्या वाटेला लावावा म्हणतो. जहाज तेव्हा बरंच दक्षिणेला होतं. एवढ्या अंतरावर तो वेग चालेल, की रेघेऐवजी रुंदावत जाणारा पट्टाच दाखवावा? पट्टा काढायचा तर रुंदी रोज किती वाढवायची?