राणी शार्लटचं आफ्रिकन मूळ: पुरावा की हौस?

वंशवेल:
इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट (लग्न 1761) आफ्रिकन वंशाची होती, हे आता सिद्ध झाल्यासारखं सांगितलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. सगळी भिस्त मद्रगाना या तिच्या एका पूर्वज बाईवर. पोर्तुगालच्या तिसऱ्या अफोन्सोने 1249 मध्ये फारो हे शहर घेतलं, तिथल्या मुस्लिम अधिकाऱ्याची ही मुलगी समजली जाते. राजापासून तिला मुलं झाली. तिच्यात आणि शार्लटमध्ये पाचशे वर्षांचं अंतर! पंधरा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या 32,768 जागा होतात, त्यातल्या एकीवरून राणीचं मूळ ठरवायचं? शिवाय फारोच्या मुसलमानांत अरब, बर्बर, धर्मांतरित स्थानिक असे सगळेच होते.

पुरावाच हवा तर रशियात बघा. अब्राम गानिबाल हा आफ्रिकन मुलगा कॉन्स्टँटिनोपलहून पीटर द ग्रेटकडे आला आणि पुढे मोठा सेनाधिकारी झाला. कवी पुश्किन त्याचा पणतू. पुश्किनच्या मुलीने 1868 मध्ये नासाऊच्या राजपुत्राशी लग्न केलं, तिची मुलगी सोफी रशियन ग्रँड ड्यूकची बायको झाली, आणि सोफीची मुलगी नाद्या बॅटनबर्ग, म्हणजे पुढच्या माउंटबॅटन, घराण्यात पडली. आपले शेवटचे व्हाइसरॉय तिचे सख्खे दीर! 1947 मध्ये एलिझाबेथच्या लग्नात फिलिपचा बेस्ट मॅन होता तो नाद्याचाच मुलगा. यातली एकही कडी अंदाजाने जोडलेली नाही.

रेवाकाठ:
कागद कागद काय करताय? ते ठेवले कोणी? राजाच्या अंगवस्त्राचं कूळ कुठला कारकून लिहून ठेवणार होता? आणि बॅरन स्टॉकमार या डॉक्टरने शार्लटला प्रत्यक्ष पाहून तिचा चेहरा मुलॅटोसारखा, म्हणजे गोऱ्या-काळ्या मिश्र वंशाच्या माणसासारखा, असल्याचं लिहिलंय. त्याची साक्ष बाद का?

वंशवेल:
तेव्हा राणी सत्तरीपार होती, रेवाताई. तिला कुरूप म्हणण्याच्या भरात त्याने ते लिहिलं. शेऱ्यावरून वंशावळ लावता येत नाही.

रेवाकाठ:
मग तुमच्या गानिबालचं काय? आपले वडील तिकडचे सरदार होते, हे त्याने 1742 च्या अर्जात स्वतःच लिहिलंय. जन्मगाव इरिट्रियात की चाड सरोवराजवळ, यावर अजून भांडणं चालू आहेत. तिथे कसा विश्वास बसतो?

वंशवेल:
त्याच्या राजकुळाची हमी मी देतच नाही. तो आफ्रिकन होता, हे त्याच्या हयातीत सगळ्या दरबाराला माहीत होतं. शार्लटबाबत नेमकं हेच नाही.

माजघर:
मला दोघांचंही अर्धंच पटतं. शार्लटचं आफ्रिकन मूळ कागदावर टिकत नाही, हे खरं. पण लंडनमधल्या किंवा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलीला राजवाड्यातल्या चित्रात आपलं कोणी दिसावंसं वाटतं, त्याला हौस म्हणणं मला क्रूर वाटतं. वंशवेल, शीर्षकातला तो शब्द तेवढा काढा.

रेवाकाठ:
काढाच. आणि मद्रगानाच्या बाबतीत माझं मत आहे तेच आहे.