वनपिंगळ्याची नोंद ई-बर्डवर कशी भरावी?

रानवाट: तानसा अभयारण्यात सागाच्या उघड्या फांदीवर भर दुपारी घुबड बसलेलं होतं. माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, म्हणून दुर्मिळ वनपिंगळा वाटतोय. दोन धूसर फोटो आहेत. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर काय लिहिलं तर नोंद टिकेल? नेमकी जागा द्यावी का?

सागवान: दिवसा दिसला एवढ्यावर ठरत नाही, साधा पिंगळाही ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो. छाती बघा. वनपिंगळ्याची छाती सलग तपकिरी, पोट मधोमध स्वच्छ पांढरं, पट्टे फक्त बाजूंना. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. साध्या पिंगळ्याच्या पोटावर तपकिरी ठिपके असतात. पोटभर बारीक आडव्या रेघा आणि पंखात तांबूस झाक असेल तर जंगली पिंगळा. माथ्यावर भरवसा नको: कडक उन्हात फोटो पांढरा पडतो आणि ठिपके पुसले जातात. चुका इथेच होतात.

पाणवठा: शेऱ्यात नुसतं ‘वनपिंगळा, खात्रीने’ लिहू नका. किती मीटरवरून पाहिला, ऊन कुठून होतं, छाती-शेपटी कशी होती आणि बाकीचे दोन पिंगळे का नाहीत, हे लिहा. संख्येत एक्स (म्हणजे ‘दिसला, पण मोजला नाही’) नको, 1 लिहा. फोटो धूसर असले तरी मूळ आकारातच चढवा. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेल्यात पिसांचा तपशील उरत नाही. दिवसभराच्या फेरीची एकच यादी केलीत तर नकाशावरची खूण भलत्याच ठिकाणी पडते, त्या जागेची छोटी यादी वेगळी करा.

ई-बर्डचे परीक्षक प्रश्न विचारतील, ते योग्यच आहे. याच पक्ष्याची 1914 ची नोंद मायनर्टझहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहकाने चोरलेल्या नमुन्यावर (जतन केलेल्या मृत पक्ष्यावर) खोटी चिठ्ठी लावून केली होती. खरा शेवटचा नमुना 1884 चा. पक्षी पुन्हा सापडला तो थेट 1997 मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ.

रानवाट: दोन्ही फोटोंत छाती सलग तपकिरी आहे. शेपटी झाकलेली. त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावून पुन्हा बोलावून बघू?

सागवान: कृपा करून नको. जवळ ढोलीत पिल्लं असली तर नर भक्ष्य आणायचं सोडून हद्द राखायला धावतो. शेपटी दिसली नाही तर ‘दिसली नाही’ असंच लिहा, त्याने नोंद कमकुवत होत नाही.

जागा ई-बर्डवर अचूक द्या. संवेदनशील ठरवलेल्या जातींची जागा तिथे इतरांना 20 × 20 किमीच्या चौकटीतच दिसते. व्हॉट्सअॅपच्या गटांवर मात्र गावाचं, ओढ्याचं नाव नको, आणि फोटो टाकण्याआधी त्यातली जागेची (जीपीएस) माहिती काढून टाका.