मदत हवी आहे: गोठ्याचं छप्पर चिऱ्याच्या खांबांना कसं बांधून घ्यायचं? पाऊस तोंडावर आला आहे

केळशीकडचा
नमस्कार मंडळी. वेळ नाही म्हणून सरळ विचारतो. गोठ्याचे आठही खांब उभे आहेत, चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे). शनिवारी मुंबईहून मित्र येतायत, वाडीतली पोरं आहेतच. दोन दिवसांत छप्पर चढवायचं आहे. छपराच्या लोखंडी कैच्या (त्रिकोणी सांगाडे) खांबावर धरायच्या कशा? गवंडी म्हणतो वरच्या थरात सळी घालून सिमेंटने भरून टाकू. वेल्डिंगवाला म्हणतो प्लेट ठेवून फास्टनर मारतो, विषय संपला. दोघं एकमेकांचं ऐकत नाहीत. ‘निसर्ग’ वादळात जुना गोठा छपरासकट गेला, त्यामुळे या वेळी पक्कं हवं. लवकर सांगा. पेंढा ठेवायची शेड, म्हणजे मांगरही याच वेळी उरकायचा आहे.

सुपारीवाला
गुरं किती? लांबी-रुंदी किती? वर पत्रा की कौल? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगणार काय?

केळशीकडचा
पत्राच. कौलाला आता माणूस मिळत नाही. बाकी गोठा म्हणजे गोठा, साधाच आहे.

देवगडचो
अरे झिला, पत्रो कित्याक घालतंस? उन्हाळ्यात गुरां भाजतली आणि पावसात असो आवाज येतलो की म्हशी दूध चोरतली. मंगलोरी कौलां घाल. वासे माणग्या बांबूचे चलतत. आमच्या आज्यान घातलेली कौलां अजून आसत.

सुपारीवाला
देवगडकर, कौलं टिकतात हे मान्य, पण वानरांचं काय? आमच्याकडे फणसाच्या दिवसात टोळी छपरावरून उड्या मारत जाते आणि दर वर्षी कौलं परत लावून शाकारणी करावी लागते. मी शेवटी पत्रा टाकला, खाली झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधली. उकाडा बराच कमी झाला.

देवगडचो
वानरांका कुत्रो पाळूचो.

गुहागरकरीण
कुत्र्याने वानर जात नाहीत हो. आमच्याकडे तीन कुत्रे आहेत. वानर झाडावर बसून त्यांच्याकडे बघत असतात. बाकी पत्रा-कौलाचं भांडण नंतर करा, आधी त्या मुलाचं उत्तर द्या.

केळशीकर दादा, म्हैस की गाय? आणि जागा मोकळ्यावर आहे की बागेच्या आडोशाला?

केळशीकडचा
दोन गाई (गावठी, आता ज्यांना कोकण कपिला म्हणतात त्या), एक पाडी, बैलजोडी. जागा सड्याच्या (कातळाच्या उघड्या पठाराच्या) कडेला आहे, पश्चिमेला काही नाही, समुद्राचा वारा थेट येतो. गोठा ३० बाय १५ फूट. खांब दीड फूट चौरस, नऊ फूट उंच. झालं?

अभियंता_पनवेल
आता बोलता येईल. सड्याच्या कडेला मोकळ्यावर असणं ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि ती पहिल्या पोस्टमध्ये हवी होती.

हिशेब बघा. वारा ताशी १२० किमी धरला तर त्याचा दाब चौरस मीटरला साधारण ६८ किलो होतो. बाजूने उघड्या छपराला वारा आतूनही वर ढकलतो, म्हणून एवढी उचल धरायलाच हवी. पत्रा आणि लोखंड मिळून वजन चौरस मीटरला फार तर १५ किलो. म्हणजे उरलेले ५० किलो छपराला वर ओढणार. तुमचं छप्पर जवळजवळ ४२ चौरस मीटर आहे. एकूण ओढ दोन टनांच्या वर, आणि आठ खांबांत वाटली तर प्रत्येकी पावणेतीनशे किलो. कोपऱ्याच्या खांबांवर त्याहूनही जास्त.

आता गवंड्याची सळी. दीड फूट चौरस आणि सात इंच उंच असा चिऱ्याचा एक थर जेमतेम पाऊणशे किलो भरतो. सळी फक्त त्याच थरात असेल तर वादळात तो थरच छपराबरोबर उचलला जाईल. फास्टनर तर अजिबात नको. फास्टनर फुगून पकड घेतो, त्याला घट्ट काँक्रीट लागतं. जांभा सच्छिद्र आहे, भोकाची कड फुटते आणि बोल्ट हाताने निघतो.

‘निसर्ग’मध्ये तुमच्या भागात मी हेच पाहिलं. खांब जागेवर, पत्रा शेजारच्या बागेत.

केळशीकडचा
आमचंही अगदी असंच झालं. ३ जून २०२० ला सकाळपर्यंत गोठा होता, संध्याकाळी नुसते खांब. गुरं आधीच सोडली होती म्हणून वाचली. बरं, मग करू काय? खांब उभे आहेत, पाडून परत बांधणं शक्य नाही.

अभियंता_पनवेल
खांब भरीव आहेत की मध्ये पोकळी ठेवली आहे?

केळशीकडचा
भरीव.

मिस्त्री_आबा
पोरा, माझं ऐक. चाळीस वर्षं चिऱ्याचं काम करतोय. पोकळी ठेवून पायापासून सळ्या घेतल्या असत्या तर काम सोपं होतं. आता खांब पाडू नको. प्रत्येक खांबाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना जाड लोखंडी पट्टी घे, वरून थेट जोत्यापर्यंत. तीन-चार ठिकाणी खांबातून आरपार बोल्ट घाल आणि दोन्हीकडच्या पट्ट्या त्याच बोल्टला आवळ. खालचा बोल्ट जोत्याच्या काँक्रीटमध्ये धर. कैची या पट्ट्यांनाच जोडायची. मग वारा कैचीला ओढेल तेव्हा अख्ख्या खांबाचं वजन खाली धरून बसेल. भोक ड्रिलने पाड, हातोडा-छिन्नीने नको, चिरा दुभंगतो.

अभियंता_पनवेल
आबांचा उपाय बरोबर आहे. अख्खा खांब टनभर भरतो, पावणेतीनशेच्या ओढीला पुरून उरेल. दोन गोष्टी जोडतो. पट्टी आणि बोल्ट गॅल्व्हनाइज्ड घ्या, समुद्राच्या खाऱ्या हवेत साधं लोखंड दोन-तीन पावसाळ्यांत कुरतडलं जातं. आणि खांबांच्या माथ्यावर चौफेर काँक्रीटचा पट्टा घाला, म्हणजे एकटा खांब डुलणार नाही. पट्टा घालायला वेळ नसेल तर निदान कोपऱ्यांत तिरके अँगल जोडा.

सुपारीवाला
आणि त्या काँक्रीटला पुळणीची (समुद्रकिनाऱ्याची) वाळू घालू नका! आमच्या गावात फुकट मिळते म्हणून सगळे घालतात. मीठ आत राहतं आणि सळी गंजते. नदीची वाळू नाहीतर क्रशरची घ्या.

मुंबईकर_हिस्सेदार
एक विचारतो. सातबारा सामाईक आहे का? आमच्याकडे चुलत्याने सामाईकात मांगर बांधला आणि नंतर सगळ्या भावकीत बोलणं बंद झालं. जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये गुरांचा निवारा आणि वैरण ठेवायची जागा हे शेतीच्याच इमारतीत धरलं आहे, त्यामुळे त्या बाजूने अडचण कमी. पण हिस्सेदारांची लेखी संमती घ्याच.

केळशीकडचा
सामाईक आहे, पण काका-आत्या सगळ्यांना विचारून, कागदावर सह्या घेऊनच सुरू केलं. शनिवारी येणाऱ्या मित्रांत दोन चुलतभाऊच आहेत.

योजना_माहिती
गोठ्याला सरकारी अनुदान मिळतं. शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत दोन ते सहा गुरांच्या गोठ्यासाठी ७७,१८८ रुपये ठरवले होते. मोजमाप ७.७ मीटर बाय ३.५ मीटर, सोबत २५० लिटरचं मूत्रसंचय टाकं. रोजगार हमीचं जॉबकार्ड लागायचं. अर्ज ग्रामपंचायतीत करायचा.

गुहागरकरीण
अहो, खांब उभे झाले आहेत त्यांचे. मंजुरी आधी आणि काम मागून, असा क्रम असतो तिथे. शनिवारला काय उपयोग?

योजना_माहिती
दुसऱ्या कोणाला तरी उपयोग होईल म्हणून लिहिलं.

पशुवैद्य_निवृत्त
छपराचं बरंच झालं, जमिनीबद्दल कोणीच बोललं नाही. गुरं पाच आहेत तर एका ओळीत बांधा, मोठ्या जनावराला चार फूट रुंदी द्या. मागे गटार, आणि उताराची दिशा गव्हाणीकडून गटाराकडे. फरशी घोटून गुळगुळीत करू नका, पावसात बैल घसरला तर पाय जायबंदी होतो. झाडूच्या रेघा ओढा.

पेंढ्याचा मांगर गोठ्याला चिकटून करणार असाल तर कृपा करून थांबा. पेंढ्यात उंदीर येतात. पावसाळ्यात कोकणात लेप्टोस्पायरोसिस होतो तो उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रामुळेच, पायाला जखम असेल तर तिथून शिरतो. मधे चांगलं अंतर ठेवा. गोठा धुताना गमबूट घाला, आईलाही घालायला लावा.

केळशीकडचा
गोठा धुतो मीच, पण सांगतो घरी. मांगर चिकटूनच ठरवला होता, कारण पावसात पेंढा डोक्यावरून आणायचा तर भिजतो. आता वीस-पंचवीस पावलांवर घेतो आणि मधे पाखाडी (दगडी पायवाट) करून वर झापांचा मांडव घालतो. मांगराच्या आढ्याला घरचा किंजळ तोडायचा विचार आहे. चालेल ना?

मुंबईकर_हिस्सेदार
आपल्या जमिनीतला असला तरी किंजळ अनुसूचित झाडांत आहे, ऐन आणि फणससुद्धा. १९६४ च्या झाडतोड कायद्याखाली परवानगी लागते. घाईत कुऱ्हाड चालवू नका.

देवगडचो
मग माणगो घे बाबा. बांबूक परवानगीची कटकट नाय. पण अमावास्येच्या आसपास तोडलेलोच घे, नायतर भुंगो लागता.

अभियंता_पनवेल
अमावास्येवर विसंबू नका. बांबूतली साखर किड्यांना हवी असते. तोडलेला बांबू पाण्यात बुडवून ठेवला की ती निघते.

देवगडचो
आमचे लोक खाडीतल्या चिखलात पुरून ठेवायचे, तां त्याच्यासाठीच. पण अमावास्याही पाळायचे. दोन्ही कर.

मिस्त्री_आबा
शनिवारी बांबू पाण्यात घालून मांगर उभा राहत नाही. आधी गोठा पुरा कर. मांगराला तात्पुरत्या सुपारीच्या मेढी घाल, पुढच्या दिवाळीनंतर पक्का कर. पेंढा मात्र जमिनीपासून दीड-दोन फूट वर, माच घालूनच रच. दोन महिने नुसती ओल असते, खालचा थर काळा पडतो.

आणि चिरे उचलणाऱ्या पोरांना सांग, ढीग आधी काठीने हलवायचा. चिऱ्याखाली विंचू असतो आणि फुरसं हा विषारी सापही. मुंबईच्या पोरांना हे ठाऊक नसतं.

गुहागरकरीण
आबांचं खरं आहे. विंचवासाठी महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला आणि त्यामुळे आपल्याकडची कितीतरी मुलं वाचली. विंचू किंवा फुरसं चावलं तर मांत्रिकाकडे नाही, थेट दवाखान्यात. जवळचा दवाखाना रात्री उघडा असतो का, ते शुक्रवारीच विचारून ठेवा.

केळशीकडचा
विचारतो. गवंडी आणि वेल्डिंगवाला दोघांनाही आबांचं उत्तर वाचून दाखवलं. गवंडी लगेच पटला. वेल्डिंगवाला म्हणतो पट्ट्यांचा खर्च वाढेल. तो मी देतो. या गुरांना परत उघड्यावर ठेवायचं नाही.

एकच राहिलं: पत्र्याला जे-हुक किती अंतरावर?

अभियंता_पनवेल
मधल्या भागात एक पन्हळ सोडून एक चालेल. पश्चिमेच्या कडेला, दोन्ही टोकांना आणि आढ्याला मात्र प्रत्येक पन्हळीला, वारा पत्रा तिथूनच उचलायला सुरुवात करतो. हुक पन्हळीच्या उंचवट्यावर, खळग्यात नाही. खाली डांबरी किंवा रबरी वायसर. पत्रा पश्चिमेला दीड फुटापेक्षा जास्त बाहेर काढू नका. झड अडवायला त्या बाजूला चार फूट चिऱ्याची भिंत घाला आणि वर पावसापुरती झापं बांधा.

सुपारीवाला
झापं माझ्याकडे विणून तयार आहेत, पन्नासएक. दापोलीला येणार असाल तर घेऊन जा, पैसे नकोत.

केळशीकडचा
शुक्रवारी टेम्पो घेऊन येतो. व्यक्तिगत निरोप केलाय, जागा कळवा.